गुरुवारचं गाठोडं

प्रिय शाहिनाज,

मिनीबसवाले शहाताकाका स्वतः दाराशी पत्र घेऊन आले म्हणजे पाकीट उघडायच्या आधीच तुला वाटलं असेल, गावाकडे काही झालं. घाबरू नकोस, गावाकडे सगळी धड आहेत. फोन केला असता गं, पण फोनवर तू मधेच "जाऊ दे गं इब्तिसाम" म्हणतेस आणि मी लगेच जाऊ देते. अकरा वर्षं तेच चाललंय. म्हणून लिहितेय. मधेच थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच. मग हवं तर फाडून टाक.

तांता शहरातल्या होस्टेलमधला आपला तो मंगळवारचा वर्ग आठवतो? वजन उतरवायचा, बारा आठवड्यांचा. डॉक्टर मेर्वत पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "मुलींनो, उपाशी कोणी राहायचं नाही. सवयी बदलायच्या." तोंडात घास जायच्या आधी वहीत लिहायचं, काय खाल्लं, कुठे, कुणाबरोबर, आणि शेवटच्या रकान्यात, खाताना मनात काय होतं. खोलीत खायचं काही ठेवायचं नाही. प्रत्येकीला एक जोडीदारीण, तिने हिची वही बघायची, हिने तिची. तू एक्क्याण्णव किलो, मी अठ्ठ्याहत्तर. तू काट्यावर चढताना डोळे मिटायचीस आणि मला म्हणायचीस, "तूच वाच बाई, मला ऐकवेल असं सांग."

आणि तो नाही म्हणायचा सराव! एकीने आग्रह करणारी मावशी व्हायचं, दुसरीने न दुखवता नकार द्यायचा. तू तुझ्या आईची नक्कल केलीस. पदर खोचल्यासारखी ओढणी खोचलीस, रिकामी ताटली माझ्यापुढे धरलीस आणि सुरू झालीस, "अगं बघ कशी झालीयेस, काडी नुसती! हा एक तुकडा, माझ्या गळ्याची शपथ. नाही खाल्लास तर आजपासून बोलू नकोस माझ्याशी." आणि मी मेलीने नसलेलं बदक उचलून तोंडात घातलं! अख्खा वर्ग लोळला हसून. डॉक्टर मेर्वतसुद्धा चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मीही हसले. पण खरं सांगू, त्या दिवशी माझ्या तोंडाला खरंच पाणी सुटलं होतं. मला असा आग्रह करणारं माणूस मी सातवीत असतानाच गेलं होतं, आणि बाबांच्या नव्या घरून चार वर्षांत मला कधी सुका पावसुद्धा आला नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण असं काही नाहीच.

दर गुरुवारी शहाताकाकांच्या मिनीबसमधून तुझं गाठोडं यायचं. निळ्या चौकड्याचं फडकं, चार गाठी. आत तुपाचे पापुद्रे सुटलेली फेतीर, कांदा भरून भाजलेलं बदक, मातीच्या भांड्यात दूध घालून भाजलेला भात. आपलं ठरलं होतं की ते तू बघायचंही नाही. थांब्यावर जाऊन मी घ्यायचं आणि परस्पर फाटकावरच्या बाईंना द्यायचं. पहिली दोन मी दिली, अगदी इमानदारीने दिली. तिसऱ्या गुरुवारी त्या रजेवर होत्या. म्हटलं, फेकून कसं द्यायचं? धुण्याच्या खोलीमागच्या जिन्यावर बसले, एक गाठ सोडली. म्हटलं, एकच पापुद्रा. शाहिनाज, मी भांडं बोटाने पुसून खाल्लं. तू तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत काकडी चघळत होतीस.

त्यानंतरचे पाच गुरुवार मी फाटकाकडे फिरकलेच नाही. फडकं धुऊन, वाळवून, घडी घालून काकांना परत द्यायचे, आणि मावशींना वाटायचं लेकीनेच धुतलं. वहीत लिहायचे, उकडलेले बाकल्याचे दाणे, दही, अर्धी काकडी. शेवटच्या रकान्यात लिहायचे, "विशेष काही नाही." तू ती वही तपासायचीस आणि म्हणायचीस, "किती मन मारतेस गं, मला लाज वाटते." तू उतरलीस पंच्याऐंशीवर. मी चढले ब्याऐंशीवर. डॉक्टर मेर्वतांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या वहीचं आणि काट्याचं भांडण का चाललंय? पुढच्या मंगळवारी जोडीदारणीला घेऊन ये, तिघी बसून बघू." तू त्या वहीसमोर बसलीस की सगळं उघड होणार होतं. खाणं आपोआप थांबत नव्हतं, मग गाठोडंच थांबवायचं ठरवलं.

त्याच संध्याकाळी मी तुझ्या आईला फोन केला. काय बोलले ते शब्दाला शब्द आठवतंय, कारण विसरायचा खूप प्रयत्न केलाय. म्हटलं, "मावशी, शाहिनाज म्हणते यापुढे पाठवू नका. इथल्या मुली वासाला नाकं मुरडतात, तिला लाज वाटते. ती सगळं मांजरांना घालते." नुसतं "पाठवू नका" एवढंही पुरलं असतं गं! पण मला ते एकदाचं तोडायचं होतं.  मावशी म्हणाल्या, "बरं. बदकाची हाडं मांजरांना देऊ नका म्हणावं पोरी, घशात अडकतात."

पुढचं तुला माहीत आहे, पण अर्धंच. गुरुवार रिकामे गेले, माझा काटा उतरला आणि डॉक्टरांनी तिघींनी बसायचं सोडून दिलं. तू म्हणालीस, "आई रुसली. मी बारीक होतेय ते तिला बघवत नाही." पोरीने विचारायचं नाही, आईने सांगायचं नाही, दोघींचा ताठा एकाच मातीचा. बाराव्या आठवड्याला तुला प्रशस्तिपत्र मिळालं आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस की हे श्रेय इब्तिसामचं. मी टाळ्या वाजवल्या. मग तुझं लग्न. नवरीच्या पहिल्या रात्रीचं जेवण आईकडून येतं, भरलेली कबुतरं, बदक, हे आपल्याकडे न सांगताही सगळ्यांना ठाऊक असतं. तुझ्या सासूने दुकानातले खोके उघडले. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात दार लावून तू मला फोन केलास, "अगं, एक कबूतर पाठवलं नाही गं माझ्या आईने! सासू विचारते, तुमच्यात चूल नाही का?" तेव्हा तरी माझं तोंड उघडायला हवं होतं. मी काय म्हणाले? "जुन्या वळणाची माणसं गं, मनावर घेऊ नकोस." जिन्यावरच्या त्या गुरुवारांपेक्षा हे वाक्य मला जास्त खातं. तेव्हा मी भुकेली नव्हते, घाबरलेलीही नव्हते. नुसती सोयीस्कर गप्प होते. तुझी मुलगी सात दिवसांची झाली तेव्हा मावशी आल्या, पाहुण्यासारख्या कडेच्या खुर्चीवर बसल्या आणि हातात काही न आणता गेल्या. तू मला हे सांगताना हसत होतीस. मी पण हसले.

मजा बघ, आता तोच वर्ग मी घेते. पोरींना वह्या देते, जोड्या लावते. आणि मंगळवारी सकाळी आरोग्य केंद्रात शुगरवाल्यांना काय खायचं ते समजावते. तीन आठवड्यांपूर्वी तिथे एक म्हातारी आली. मी नाव न बघताच सुरू झाले, भात कमी, तूप कमी. ती मान वाकडी करून ऐकत राहिली आणि म्हणाली, "मांजरांवाली पोरगी ना गं तू?" एकदाच ऐकलेला आवाज, शाहिनाज. अकरा वर्षं सांभाळून ठेवला होता त्यांनी. नजर अधू झालीये, माणूस फक्त आकारावरून कळतं, पण कान तिखट.

मी दार लावलं, त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. रडून रडून माझं नाक बंद झालं.  त्यांनी विचारलं, "सगळं खाल्लंस?" म्हटलं, हो. "बदकसुद्धा?" हो मावशी. मग म्हणाल्या, "मीठ बरोबर असायचं का? मला आपलं वाटायचं, जास्त पडतं." मला वाटलं होतं, मुस्काटात देतील. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा तिला. तर म्हणाल्या, "मी सांगितलं तर तिला वाटेल, आई स्वतःची सुटका करून घेतेय. खाल्लंस त्याचं काही नाही पोरी, अन्न पोटातच गेलं ना कुणाच्या तरी. पण आईने हात आखडता घेतला असं माझ्या लेकीला वाटू दिलंस. ते तू फेड."

तीन आठवडे रोज कागद पुढे घेतला आणि उठले. काल ती जुनी वही काढली. "खाताना मनात काय होतं" हा रकाना सहा गुरुवार "विशेष काही नाही"ने भरलाय. तिथे आज लिहिलं, हेवा. तुझ्या वजनाचा नाही, वजन तर आपलं दोघींचं दांडगंच. तुझ्या गाठोड्याचा. क्षमा मागायचीही लाज वाटते, तरी मागते. तू द्यावीस असं मात्र म्हणत नाही.

आता खरं काम सांगते, ज्यासाठी हे लिहिलं. येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता शहाताकाकांची मिनीबस तुझ्या अलेक्झांड्रियाच्या थांब्यावर लागेल. मावशी तिच्यात आहेत, काकांच्या शेजारच्या सीटवर. मांडीवर निळ्या चौकड्याचं फडकं असेल; मीच धुऊन काकांना परत दिलेलं, तेच. मी तुला कळवलंय हे त्यांना ठाऊक आहे, तू येशील की नाही हे ठाऊक नाही. म्हणाल्या, "आली तर आली, नाही तर त्याच गाडीने परत येईन." त्यांना तू लांबून दिसणार नाहीस, तेव्हा जवळ जा आणि आधी बोल, आवाज ओळखतील. गाठोडं तुझ्या हाताने घे. मी तिथे नसेन.

आता कुठल्या तोंडाने म्हणू, तरीही तुझीच,
वहीत खोटं लिहिणारी जोडीदारीण,
इब्तिसाम