सोयऱ्याकडचं येनं

२ मार्च २०१९, शनवार
पोरगा बंकट परत तेच घेऊन बसला – बिलं इकायची! सुंदररावाच्या दूध सोसायटीला आपल्या दुकानातून सरकी पेंड जाती. दिवाळीपासून साडेतीन लाख येनं हाय. ते बिल औरंगाबादच्या कंपनीला द्यायचं. कंपनी आपल्याला आजच ऐंशी टक्के देनार. मग सोसायटीकडून सगळं तीच वसूल करनार, कमिशन कापून उरलेलं आपल्याला परत. म्हनलं, कावून हा उद्योग? म्हनला, मिलवाला रोख मागतो अन् सोसायटी उधारीवर नेती, दुकान मधल्या मधी मरतंय.
पन सुंदरराव माझा व्याही. आमची तारा त्याच्या घरात दिलेली. सोयऱ्याच्या दारात परका मानूस वसुलीला धाडायचा?

५ मार्च
मिलवाल्यानं गाडी भरली न्हाई. रिकामीच आली.

७ मार्च
शिरूरला सुंदररावाकडं जाऊन आले. दुष्काळ सांगत बसला. दूध निम्म्यावर आलंय, अमुक, तमुक. म्हनला, "इहीणबाई, तुमचे पैसे कुठं जात न्हाईत." म्हनलं, जात न्हाईत खरं, पन येत बी न्हाईत. हसला मेला. निघताना तारा हळूच म्हनली, आई, नका मागू हो, मला ऐकावं लागतं.

११ मार्च
सात पोती उरली. गिऱ्हाईक परत लावलं. त्याच्या गोठ्यात जनावर उपाशी अन् मी सोयरीक सांभाळती!

१४ मार्च
कंपनीचा साहेब आला. माझी जमीन इचारली न्हाई, सोनं इचारलं न्हाई. सोसायटीचं दूध कोन घेतं, पैसे कवा देतं – तेच तीनदा. म्हनलं, पैसे मला पायजेत, चौकशी त्याची कावून? "भरनार ते हाईत ना, आजी."
आजी म्हने. रागारागात सही केली.

१६ मार्च
सुंदररावाला कंपनीचं पत्र गेलं. लगेच फोन. चार गावांत इज्जत घालवली म्हनला. ताराला आता माहेर बंद, हे बी म्हनला. फोन ठेवला. जेवन गेलं न्हाई.

३० मार्च
सुंदररावानं कंपनीचे सगळे पैसे भरले. एकरकमी. चौदा दिवसांत.
बंकटला म्हनलं, ताराच्या सासरचं एक बी बिल हितून पुढं घरात ठेवू नको, निघालं की कंपनीला दे.