स्कोअर सांग

कोबर्ग, मेलबर्न
सोमवार, २६ ऑगस्ट

प्रिय ब्रेंट,

तुम्ही सगळे मजेत असाल. इथली थंडी अजून हटत नाही, पण मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड फळांनी वाकलंय. मी बरी आहे. तुझे बाबा ठीक आहेत. लिसाला नमस्कार आणि दोन्ही मुलींना गोड पापा.

झाला शिष्टाचार. आता मी भांडणार आहे. फोनवर भांडले असते, पण फोनवर तुझी लगेच मीटिंग निघते, आणि मेसेज करायला गेले तर माझी बोटं माझ्या रागाच्या मागे पडतात. म्हणून कागद घेतलाय. पर्थला पोचायला टपालाला वेळ लागेल, पण तेवढ्यात माझा राग शिळा होईल असं समजू नकोस.

शनिवारी आपल्या पेलिकन क्लबचा वर्षातला शेवटचा फुटबॉल सामना संपला आणि तुझा मेसेज आला. घरच्या ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत. 'असले मूर्ख जगात नसतील. अख्खं वर्ष हरले आणि शेवटच्या दिवशी जिंकायची काय खाज होती? गेला तो पोरगा हातचा. पेलिकनवाला म्हणवून घ्यायची लाज वाटते.' त्याच्याखाली तुझ्या धाकटीनं रडका चेहरा टाकला. एवढीशी पोर ती. आपण जिंकलो की रडायचं असतं हे तिला कोणी शिकवलं, ते आधी मला सांग.

तुमचं गणित मला कळत नाही असं नाही. माझं डोकं अजून शाबूत आहे. शेवटचा नंबर काढा, म्हणजे नोव्हेंबरात नव्या मुलांची निवड होईल तेव्हा पहिला मान आपला. म्हणजे बॅलरॅटचा तो ताडमाड पोरगा आपला. म्हणजे तीन-चार वर्षांनी आपण फायनलमध्ये. रेडिओवर वर्षभर हेच दळण चाललंय. शनिवारच्या एका विजयानं आपण तळातून एक पायरी वर चढलो आणि पोरगा गेला दुसऱ्यांच्या घरी. बरं, गेला. मग काय सुतक पाळायचं?

आता मैदानावर काय झालं ते ऐक. तू टीव्हीवर पाहिलंस, पण टीव्हीवर आपला स्टँड दाखवला नसणार. दाखवला असता तर त्यांनाच लाज वाटली असती.

आम्ही आमच्या नेहमीच्या बाकावर होतो. तुझ्या जागेवर थर्मास असतो हल्ली. पलीकडे स्पिरो, बायकोनं केलेले तिळाचे गोल पाव डब्यात घेऊन. पुढच्या रांगेत तो टाय, विशीतला, सगळा वेळ फोनमध्ये डोकं. बाबांना मी त्यांचा जुना डफल कोट घातला होता, सगळ्या बिल्ल्यांसकट. शेवटची काही सेकंद राहिली होती, आपण तीन पॉइंटांनी मागे, आणि गोलच्या खांबांसमोर हॅमिश ट्रँटरनं चेंडू झेलला. लगेच सामना संपल्याचा सायरन वाजला. झेल आधीचा, म्हणून किक त्याचीच. गोल मारला तर सहा पॉइंट आणि जिंकलो, नाही तर संपलं.

हॅमिश म्हणजे कोण, हे तुला सांगायला नको. क्लबातलं तेरावं वर्ष त्याचं. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. पुढच्या वर्षी क्लब त्याला ठेवणार नाही, हे त्यालाही माहीत आणि आम्हालाही. त्याच्या आयुष्यातली ती शेवटची किक होती. तो मागे मागे चालत गेला, मोजे वर ओढले, आणि आपल्या स्टँडमधून आवाज आला, 'चुकव रे.'

आधी टाय ओरडला. मग मागून कोणी तरी. मग हसत हसत सगळा कोपरा. गळ्यात जांभळे-राखाडी मफलर, आणि तोंडानं चुकव, चुकव. मी साठ वर्षं या मैदानावर येतेय. समोरच्यांच्या शिव्या ऐकल्यात, पंचांना दिलेल्या तर मी स्वतःच शिकवीन तुला. पण आपल्याच माणसानं आपल्या माणसाला 'चुकव' म्हणावं हे मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या अंगाची अशी लाही झाली की मी मफलरची गुंडाळी करून टायच्या टाळक्यात हाणली.

तो वळून मला म्हणाला, "आजी, जरा भविष्याचा विचार करा."

"तुझ्याजवळ आहे, म्हणून तू करतोस," मी म्हटलं.

हॅमिशनं गोल मारला. खांबांच्या बरोबर मधून. आणि आपले लोक हाताची घडी घालून बसले होते. काहीजण तर पार्किंगची गर्दी टाळायला उठलेसुद्धा. स्पिरो, एवढा चांगला माणूस, डोक्याला हात लावून म्हणत होता, गेला, पोरगा गेला. काल रेडिओवाल्यानं हॅमिशला विचारलं, आता वाईट वाटतंय का. वाईट वाटतंय का, म्हणे. तो बिचारा म्हणाला, मुद्दाम चुकवायचं कसं ते मला कोणी शिकवलंच नाही. आणि आज सकाळी औषधाच्या दुकानातली बाई दात काढत मला म्हणते, अभिनंदन करू की सांत्वन? मी म्हटलं, गोळ्या द्या.

यांच्यावर मी चिडले ते चिडलेच. पण पत्र त्यांना लिहीत नाहीये, तुला लिहितेय. त्याचं कारण सांगते.

आपल्या घरात एक नियम होता, आठवतो ना? जिंकल्याशिवाय गाणं म्हणायचं नाही. क्लबचं गाणं मैदानात वाजतं ते फक्त जिंकल्यावर, तर घरातही तसंच. तू लहान असताना आपण जिलाँगला हरून परत येत होतो आणि तू मागच्या सीटवर गुणगुणायला लागलास, 'चोच वर, पंख वर'. बाबांनी हायवेच्या कडेला गाडी घेतली, मागे वळले आणि शांतपणे म्हणाले, हे कमवावं लागतं. पुढच्या आठवड्यात आपण जिंकलो तेव्हा त्यांनी तुला खांद्यावर घेतलं, आणि तू वरून इतका ओरडून म्हणालास की तुझा घसा बसला. तेव्हापासून ती रीतच पडली. सायरन वाजला, जिंकलो, की बाबा खाली वाकणार आणि तू चढणार. तुझे पाय त्यांच्या पोटापर्यंत लोंबायला लागले तरी थांबला नाहीत तुम्ही दोघं.

तर आता ऐक. वर मी लिहिलंय की बाबा ठीक आहेत. ती सवय झालीये मला. ते ठीक नाहीत. विसरतात एवढंच तुला माहीत आहे, आणि मीही तुला तेवढंच कळू दिलंय. ईस्टरनंतर त्यांचे शब्द जायला लागले. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. हल्ली दिवसच्या दिवस बोलत नाहीत. मला 'अहो बाई' म्हणतात, तेही फार आदबीनं, मी जणू बँकेतली आहे. दर रविवारी फोनवर मी तुला सांगते ना, बाबा तुझी आठवण काढत होते, तेही खरं नव्हतं. त्यांनी किती तरी महिन्यांत तुझं नाव घेतलेलं नाही. तू विचारायचास, मग फोनवर का येत नाहीत? मी म्हणायचे, झोपलेत. आणि तू लगेच बरं म्हणायचास. तुझ्या त्या 'बरं'चाही राग येतो मला.

बाबांना दिवसा सांभाळायला जिथे सोडते त्या केंद्रावर तालिया नावाची मुलगी आहे, ती म्हणाली, जुनी गाणी लावून बघा, गाणी शेवटपर्यंत राहतात. मे महिन्यात मी फोनवर पेलिकनचं गाणं लावलं. तुला काय सांगू, जो माणूस चमचा हातात धरून विचार करत बसतो तो ताडकन उठला, सोफ्यावरची उशी उचलली आणि फोनवर दाबून धरली. म्हणाले, "जिंकलो का?" किती दिवसांनी आवाज ऐकला त्यांचा. मी म्हटलं, नाही. "मग बंद कर," म्हणाले. पुन्हा गप्प.

पुढच्या वेळी मी शहाणपणा केला. म्हटलं, मर्व्ह, जिंकलो बरं का आपण. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "स्कोअर सांग." मला खोटं बोलता येतं, ते एव्हाना तुझ्याही लक्षात आलं असेल, पण गोलचे सहा-सहा आणि थोडक्यात हुकलेल्या बिहाइंडचा एक-एक मिळवून बेरीज जुळवायची म्हणजे माझी तारांबळ. मी काही तरी ठोकून दिलं. ते बेरीज करत होते बहुतेक. जुळली नाही. तोंड फिरवलं त्यांनी.

म्हणजे लक्षात आलं का तुझ्या? मला माझा नवरा जरा वेळ परत मिळायचा एकच रस्ता उरला होता, आणि तो पेलिकन जिंकण्यातून जात होता. आणि पेलिकन जिंकत नव्हते. दर आठवड्याला मी त्यांना कोट घालून नेत होते. दर आठवड्याला सायरन वाजला की दुसऱ्यांचं गाणं वाजायचं आणि ते खाली मान घालून बसायचे. आणि तू दर आठवड्याला ग्रुपवर लिहायचास, छान, आणखी एक हार, चाललंय ते उत्तम चाललंय. उत्तम, म्हणे.

शनिवारी हॅमिशचा चेंडू खांबांतून गेला आणि आपलं गाणं लागलं. बाबा कठडा धरून उठले. मी धरायला गेले तर माझा हात बाजूला केला. आणि म्हणाले रे, सगळं म्हणाले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. दुसरं कडवं तर मलाही येत नाही धड, तेही म्हणाले. आजूबाजूचे घडी घालून बसलेले लोक वळून बघायला लागले. स्पिरोनं टोपी काढली आणि तो भसाड्या आवाजात मागून म्हणायला लागला. टाय माझ्याकडे न बघता उभा राहिला.

मग 'पंख वर' आलं. बाबा वाकले. दोन्ही गुडघे वाकवून, हात मागे करून, थर्मासकडे पाठ करून वाकले आणि म्हणाले, "चढ रे ब्रेंटी."

तसेच वाकून थांबले. मग मान वळवून मला विचारलं, "डल्सी, पोरगा कुठाय?"

मला डल्सी म्हणाले. मी म्हटलं, खायला मीट-पाय आणायला गेलाय, रांग आहे मोठी. ते म्हणाले, सॉस जास्त घ्यायला सांगितलंस ना. हो म्हटलं. आणि त्याच वेळी माझ्या खिशात फोन थरथरला. मला वाटलं, बघ, दोघांची तार जुळली. पोरगा तिकडे पर्थमध्ये एकटाच गाणं म्हणत असणार. मोठ्या आनंदानं फोन काढला आणि त्यात काय होतं ते तुला माहीत आहे.

गाणं संपेपर्यंत बाबा तुझी वाट बघत होते. मग बसले. गाडीत त्यांनी मला विचारलं, अहो बाई, तुम्ही कुठे उतरणार?

पुढच्या महिन्यात मी त्यांना तालियाच्या केंद्राच्या मागे अशा माणसांना कायम सांभाळणारं जे घर आहे तिथे ठेवणार आहे. माझ्यानं आता उचलवत नाही. हे तुला सांगायचं टाळत होते, ते लिहून टाकलं. तुझी परवानगी मागत नाहीये.

तुमचा तो ताडमाड पोरगा तीन-चार वर्षांनी काय दिवे लावील ते लावील. तीन-चार वर्षं कोणाकडे आहेत, ते जरा बघून बोलत जा.

आता एकच काम सांगते आणि ते तू करायचंस. काल सकाळी नाश्त्याला मी भीत भीत म्हटलं, मर्व्ह, जिंकलो. त्यांनी विचारलं, स्कोअर सांग. या वेळी माझ्याकडे खरा होता. मी सांगितला. त्यांनी मनात बेरीज केली, मान हलवली आणि टोस्ट हातात धरून पहिलं कडवं म्हटलं. आजही म्हटलं. उद्याचं मला माहीत नाही.

तर तिकिटं काढ आणि ये. तोवर रोज सकाळी फोन कर. मी फोन त्यांच्या कानाला लावीन. तू कोण ते सांगत बसू नकोस, कसे आहात विचारू नकोस, त्याचा उपयोग नाही. जिंकलो म्हण. ते स्कोअर विचारतील. नीट सांग, अडखळू नकोस, अडखळलास तर त्यांना कळतं. आणि मग मीटिंग असली तरी फोन ठेवू नकोस, थांब. 'पंख वर'पर्यंत थांब.

अकरा गोल, नऊ बिहाइंड, पंचाहत्तर. त्यांचे दहा गोल, बारा बिहाइंड, बहात्तर. पाठ कर.

अजून चिडलेली, आणि तरी जिंकलेली,
तुझी आई