वेदीच्या कापडावरचं बारावं नाव

मावशी,

सुवर्णमहोत्सवासाठी कॉलेजचा इतिहास लिहायचं काम सिस्टरनी माझ्या गळ्यात मारलं. ग्रंथपाल बाईला दुसरं काम काय, असा त्यांचा समज.

पास होणारी प्रत्येक मुलगी चॅपलमधल्या वेदीच्या कापडावर सुईदोऱ्यानं आपलं नाव भरते, हे तुला मी काय सांगायचं. पहिल्या तुकडीची नावं अकरा, त्यातलं आठवं तुझं. पण तुझ्या आधी बोटभर जागा मोकळी आहे. कापड खिडकीशी धरलं तर तिथं सुईची भोकं दिसली. जोडून वाचली, तर आईचं नाव.

तू तर म्हणायचीस, "तुझी आई कॉलेजची पायरीसुद्धा चढली नाही." आई मान खाली घालून भाजी निवडत राहायची.

आधी मला सिस्टरांचाच संशय आला. पण त्यांनी कात्री चालवली असती. हे उलट्या बाजूनं, सुईच्या नेढ्यानं एकेक टाका उचलून उसवलंय. तसं उसवायला मला तूच शिकवलंस.

विचारलं तर तू काहीतरी गोड सांगशील, म्हणून हे पत्र टाकणार नाही. रविवारी महोत्सवाला तुझी खुर्ची पहिल्या रांगेत आहे, वेदीसमोर. आईचं नाव मी त्याच भोकांतून पुन्हा भरलंय. तू ते वाचशील तेव्हा मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत असेन.

तुझीच भाची