ज्याचं त्याचं ताट

बाबा, तुम्ही गेल्याला बावीस वर्षं झाली, आणि आज पहिल्यांदा मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपल्या अंगणातली सर्वधर्म सभा अजून भरते. मीच चालवते. यंदा भोपाळची एक संस्था अशा कामांना पैसा देते आहे. कोणत्याही धर्माच्या, धर्म बदललेल्या किंवा काहीच न मानणाऱ्या माणसाला न भिता बोलता यावं, एवढी त्यांची अट. मला सभेसाठी पक्की जागा आणि वस्तीत वाचनालय मागायचं होतं. अर्जात 'आपली परंपरा' असा रकाना होता. तिथे मी तुमचंच, दरवर्षी माइकवरून सांगितलेलं वाक्य लिहिलं: सगळे एका पंगतीत जेवतात, आणि प्रत्येकजण घरून आपलं ताट आणतो, म्हणजे कोणाचा भार कोणावर नाही.

अर्जावर सभेतल्या एका जुन्या माणसाची सही हवी होती, म्हणून किरनापूरला सिस्टरकडे गेले. सरकारी दवाखान्यातल्या त्या ख्रिस्ती नर्स, सभेत प्रार्थना गायच्या त्या. आता त्यांना कमी दिसतं. मी अर्ज वाचून दाखवते आहे, आणि ताटापाशी येताच त्या हसू लागतात.

"ताई, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, अन् हे नाही समजलं? ताट आमच्यासाठी होतं. तुमच्या घरच्या भांड्याले आमचा हात नको लागाले."

"सगळेच आणायचे, सिस्टर."

"हौ? वकीलसाहेबाच्या हातात कधी ताट पाहिलं काय?"

वकीलसाहेब आपल्या समाजाचे. ते हात हलवत यायचे आणि आईने पुसून ठेवलेल्या पितळी ताटात जेवायचे. कापडात ताट गुंडाळून आणायचे ते सिस्टर, बांगड्यावाले चाचा, बौद्ध गुरुजी.

"मग तुम्ही येत काहून होत्या?" मी जरा कडकच विचारलं.

"तुमचे बाबूजी बोलू देत होते ना. बाकी ठिकाणी तेही नव्हतं. सही करतो मी, पण ते वाक्य बदला पहिले. त्याच्याखाली माही सही नाही होणार."

शाळेत असताना मी अजानची नक्कल केली, तेव्हा तुम्ही माझा कान धरून मला चाचांच्या दुकानात नेलं होतं आणि भर बाजारात माफी मागायला लावली होती. त्या दिवसापासून मी तुमच्यासारखं व्हायचं ठरवलं. लग्नात, नोकरीत, नातेवाइकांशी भांडले ती त्याच बळावर. आणि तुम्ही त्याच चाचांना घरी बोलावून ताटापुरते बाहेर ठेवत होता, वर त्याला स्वावलंबन म्हणत होता. उघड सोवळं पाळणाऱ्या माणसाशी मला भांडता आलं असतं. तुमच्यावर मी विश्वास ठेवला.

वाक्य मी बदललं. 'ताटं वेगळी होती, कारण आम्ही शिवाशिव पाळत होतो. यंदापासून ताटं आमच्या घरची.' सिस्टरनी चाचपडत सही केली. एवढं वाचून संस्था नाही म्हणाली तर म्हणो, वाचनालय राहून जाईल, एवढंच.

हे पत्र अर्जाला जोडणार नाही, कोणाला दाखवणारही नाही, म्हणून उरलेलं लिहिते. मी आठवीत असताना चाचा एकदा ताट विसरून आले होते. मी धावत स्वयंपाकघरात गेले, आपलं एक ताट उचललं. मग ते परत ठेवलं, आणि त्यांच्यासाठी पळसाची पत्रावळ घेऊन बाहेर आले. तेव्हा स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, बाबा. मला कोणीही अडवलं नव्हतं.