लिफ्ट बंद, आई वर

१६ जून, सोम.
शाळा सुरू. वालूरची साडेनवाची एस.टी. पावणेदहाला आली, म्हणजे नवीन वर्षात जुनंच. फुगे, गुलाबाची फुलं, प्रवेशोत्सव. पोरं निम्मीच. बाकीची अजून मामाच्या गावाला.
संध्याकाळी सेलूला परत आले तर बिल्डिंगचं गेट सताड उघडं. पार्किंगमध्ये दोन गाई रवंथ करत बसलेल्या. वॉचमन सय्यद चाचा काम सोडून गेले. आता देवगाव फाट्याला मुलाच्या पंक्चरच्या दुकानात बसणार. दुसऱ्या मजल्यावरचे गंगाधरकाका (पाटबंधारे खात्यातून रिटायर) म्हणायचे गेट दहाला लावा. पहिल्या मजल्यावरचे खतवाले शेठ म्हणायचे माझी गाडी येते, उघडं ठेवा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं चाचांचं झालं.
लिफ्ट चालू. पण दुसऱ्या मजल्यावर हिसका देते.

२३ जून, सोम.
लिफ्ट बंद. काल रविवारी आई विहारात जाऊन सहाला वर आली, आज सकाळी बटणच लागेना.
डिसेंबरात झटका आल्यापासून आईचा उजवा पाय ओढतो. काठी घेऊन सपाटीवर चालते, वस्तीतल्या विहारापर्यंत रिक्षानं जाते. जिना मात्र नाही. आज मोजल्या, आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चोपन्न पायऱ्या.
फ्लॅटच्या मालकांना फोन केला. ते पुण्याला असतात. म्हणाले ग्रुपवर टाकतो. मी ग्रुपमध्ये नाही, किरायदारांना घेत नाहीत.

२५ जून, बुध.
ग्रुपवर टाकलं, असा मालकांचा फोन. त्यावर चार जणांनी हात जोडले म्हणे. पुढं काही नाही.

२९ जून, रवि.
बिल्डिंगची मीटिंग, पार्किंगमध्ये, खुर्च्या आपापल्या आणायच्या. खालचे म्हणाले आमाला लिफ्ट लागत न्हाई. वरचे म्हणाले मग पाण्याची टाकी पण आमच्या डोक्यावर का? दोन तास हेच. मी उठून आईचं सांगायला लागले तर शेठ म्हणाले, मालकाला बोलू द्या. मालक पुण्यात.
शेवटी ठरलं की नांदेडच्या मेकॅनिकला बोलवायचं. मग गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीची चावी कुणाकडं ठेवायची यावर पुन्हा भांडण. काकांना शेठवर भरवसा नाही, शेठला काकांवर. एकदम दोघांनी माझ्याकडं बघितलं. काका म्हणाले, "मॅडमकडं राहू द्या. त्या कुणाच्याच न्हाईत."
मी घेतली. खरं सांगायचं तर छाती फुगली होती. बोलू देत नाहीत, पण चावी देतात. आई म्हणाली, कुणाच्याच न्हाईत हे तुला चांगलं वाटलं व्हय?

१० जुलै, गुरु. आषाढी पौर्णिमा
विहारात वर्षावास सुरू. तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन. गेली अकरा वर्षं वाचायला आईच बसते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रात्रीच्या साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेली बाई, पण वाचायला लागली की पोरंसोरं गप्प होतात. जोडाक्षराला क्षणभर थांबते, मग खणखणीत.
आज सकाळपासून पांढरं लुगडं नेसून गॅलरीत. मी म्हटलं दोन माणसं बोलावते, खुर्चीवर उचलून नेऊ. म्हणाली, "मी काय मढं हाय का उचलाया?"
शकुंतलामावशीनं (विहारातली, आईची पालमपासूनची मैत्रीण) वाचनाच्या वेळी फोन लावून ठेवला. आम्हाला नुसता पंखा ऐकू आला. आई तरी तासभर कानाला लावून बसली.

१९ जुलै, शनि.
तळमजल्याची घरं बघितली.
१) स्टेशन रोड. खोल्या हवेशीर. आ.वि. कळवतो म्हणाले.
२) इथल्या हायस्कूलच्या मागं. आ.वि. "आमचे पाव्हणे यायलेत राहायला."
३) बाई फार गोड. चहा दिला, आईच्या पायासाठी तेल सुचवलं. निघताना आ.वि. चहाचा कप तिथंच मोरीत वेगळा ठेवलेला दिसला.
आ.वि. म्हणजे आडनाव विचारलं. दोन वर्षांपूर्वी घरं बघत फिरले तेव्हापासून ही खूण वहीत आहे. एवढं सगळं दरवेळी कोण लिहीत बसणार. या फ्लॅटच्या मालकानं फोनवर फक्त नोकरी विचारली होती, म्हणून इथं आलो.

२० जुलै, रवि.
मावशी येऊन गेली. चोपन्न पायऱ्या चढून धापा टाकत. जाताना मला जिन्यात गाठून म्हणाली, माझी पुढची खोली रिकामी हाय, विहाराच्या शेजारीच, उंबरा पण न्हाई. आईला आत्ताच सांगत न्हाई, तू सांग.
सांगेन.

२४ जुलै, गुरु.
नाही सांगितलं. इथं लिहायला काय हरकत आहे: मला वस्तीत परत जायचं नाही. तिथल्या पत्र्याखाली अभ्यास करून मी मास्तरीण झाले. या सेलूत अपार्टमेंटच्या पाटीवर नाव लागावं एवढंच मला हवं होतं. पाटीवर मालकाचं नाव आहे, ते सोडा. लिफ्ट होईलच दुरुस्त.

४ ऑगस्ट, सोम.
मेकॅनिकचा फोन काकांना. परभणी, मानवत करत करत येईल. वार नक्की नाही. मी चावी पर्समध्येच ठेवते, हरवायला नको.

१२ ऑगस्ट, मंगळ.
मतदार यादीच्या कामाचं प्रशिक्षण, तहसीलला. दारातच फोन काढून ट्रेमध्ये ठेवायला लावले. आमच्या वर्गात पोरांचे जप्त करतो तसे. दीड वाजता जेवायला सोडलं तेव्हा फोन हातात आला. सतरा मिस्ड कॉल.
मेकॅनिक अकराला आला होता. सव्वाबारापर्यंत थांबला आणि गेला. आता दिवाळीनंतरच जमेल म्हणे.
चावी माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या मांडीवर.
काय लिहू. आईला काही बोलले नाही. वरण जास्त तिखट झालं होतं, तिनं पाणी पीत पीत संपवलं.

१३ ऑगस्ट, बुध.
बिल्डिंगमध्ये प्रथमच एकी झाली. काका आणि शेठ पार्किंगमध्ये एकाच स्कूटरला टेकून उभे. किरायदाराच्या हातात चावी द्यायलाच नको होती, असं दोघांचं एकमत. मी विचारलं, एवढा वेळ तो माणूस थांबला होता तर कुलूप का तोडलं नाही? काका म्हणाले, मी तोडलं असतं तर शेठ म्हणले असते का तोडलं. शेठ म्हणाले, तेच.
चावी परत करायला गेले. कुणी घेईना. काकांच्या दाराच्या खिळ्याला लटकवून आले.
रात्री आईपुढं कबूल केलं. तिला माहीत होतं. सगळे आधी आमच्याच दारात आले होते. तिनं काठी टेकत स्वयंपाकघरातून बत्ता आणून दारात धरला, म्हणाली ह्यानं फोडा कुलूप, माझी लेक काही म्हणणार न्हाई. पाच माणसं उभी होती. एकानंही हात पुढं केला नाही.
"का गं?" मी विचारलं.
"मी काय सांगू का. बत्ता जड व्हता, लय येळ धरला मी."

२७ ऑगस्ट, बुध.
गणपती. ज्या बिल्डिंगला दोन महिन्यांत मेकॅनिक थांबवता आला नाही तिनं दोन तासांत मंडप घातला, माळा लावल्या, कमिटी नेमली, अध्यक्ष गं. काका, उपाध्यक्ष शेठ. वरून आरती स्पष्ट ऐकू येते. आईनं विचारलं खाली किती माणसं हायेत? मी मोजून सांगितली. अडतीस.

३ सप्टें., बुध.
आई हल्ली दिवसभर काय करते विचारलं. म्हणाली, माणसं बघते. भाजीवाला सव्वादहाला येतो, समोरची सून चारला दळण घेऊन जाते, काळ्या कुत्रीला चार पिल्लं. खाली ये-जा होती तेव्हा तिला यातलं एकही ठाऊक नव्हतं. मला तर अजूनही नाही.
ग्रंथ घरी आणून दिला. उघडला नाही. एकटीला काय वाचायचं, म्हणते.

१६ सप्टें., मंगळ.
चार दिवस पाऊस. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरलं. उपसायचं कुणी? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. तळमजल्यावर लिफ्टचं दार अर्धं उघडं अडकलंय, आत कुणीतरी दोन जुन्या सायकली आणि कूलर कोंबलाय. म्हणजे आता ती लिफ्ट राहिली नाही, माळा झाला.
मेकॅनिकला मीच फोन केला. पाण्यानं पॅनेल गेलं असेल तर दिवाळीनंतरचंही सांगू शकत नाही म्हणाला. आवाज चांगला होता बिचाऱ्याचा. त्या दिवशी तुमच्या घरातल्या आजीनं मला पाणी पाजलं, म्हणाला.

२१ सप्टें., रवि.
पालमहून भाऊ आला. आईला घेऊन जातो म्हणाला, पण म्हणताना बायकोकडं बघत होता. आई म्हणाली वर्षावास संपू दे. तो सुटल्यासारखा जेवला.
तो गेल्यावर मावशीच्या खोलीचं सांगायचं ठरवलं होतं. आई झोपली. झोपली नसेलही.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
आज धम्मचक्राचा दिवस. तिला न्यायला विहारातली चार पोरं आली होती. खुर्चीला नाही म्हणाली. पाठुंगळी? नाही. पोरं चहा पिऊन गेली. मला राग आला. इतकं काय ते. मी ओरडले तिच्यावर. तीन महिने मी इकडून तिकडं नाचतेय आणि तुला उचललेलं चालत नाही! ती गॅलरीत जाऊन बसली. मी रडले, पण स्वयंपाकघरात.

७ ऑक्टो., मंगळ. पौर्णिमा
शाळेतून पाचला आले तर दार नुसतं ओढून घेतलेलं. आत कुणी नाही. मोरीत, गॅलरीत नाही. गॅलरीतून वाकून खाली बघितलं. जे मनात आलं ते लिहीत नाही.
दुसऱ्या मजल्यावर गं. काकांच्या बायकोनं हाक मारली. एरवी माझ्याशी हसण्यापुरतीच ओळख. म्हणाली, "घाबरू नका मॅडम. आई गेल्या. बसत बसत गेल्या."
रांगती पोरं उतरतात तशी. एका पायरीवर बसायचं, डावा पाय खाली, हातानं उजवा उचलून त्याच्या शेजारी ठेवायचा, मग सरकायचं. पांढऱ्या लुगड्यात. काकू वर येऊन तिची काठी आणि ग्रंथ घेऊन तीन मजले पुढं पुढं उतरल्या, पायऱ्यांवरच्या चपला बाजूला करत. शेठनं आपली स्कूटर काढून वाट दिली. सव्वा तास लागला, मग रिक्षानं विहारात. मधल्या वळणावर पाणी प्यायली, काकूंच्याच घरचं.
धावत विहारात गेले. समारोप चालू. आई वाचत होती. लुगडं मागून मातीनं भरलेलं. जोडाक्षराला थांबली, मग खणखणीत. मी दारातच बसले. 
खीर झाल्यावर मी म्हटलं, चल, पोरं उचलून वर नेतील, आता जाताना तरी हट्ट करू नकोस.
आई म्हणाली, "मी वर येत न्हाई आता. शकूच्या खोलीत राहणार हाय."
मावशी माझ्याकडं बघेना. आईनं आजच विचारलं, मावशीनं आजच सांगितलं. जुलैपासून रिकामी आहे हेही.
मी काहीतरी बोलत होते. मेकॅनिक, पॅनेल, दिवाळीनंतर. आईनं ऐकून घेतलं. मग हळूच, इतर बायकांना ऐकू जाऊ नये असं,
"लिफ्ट बिघडली व्हती बाई. तू तर चांगली व्हतीस ना."

८ ऑक्टो., बुध.
रजा टाकली. वस्तीतून निरोप आला, आईची गोळ्यांची डबी, चष्म्याचं घर आणि चार लुगडी पाठवून दे. गादी नको, तिथं आहे. माझ्याविषयी निरोपात काही नाही. ये असंही नाही, येऊ नको असंही नाही.
सकाळी काकू चढून वर आल्या होत्या, आई कशी आहे विचारायला. उंबऱ्यावर घुटमळल्या, मग आत येऊन बसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. आता तुमी पण चालल्या का, म्हणाल्या. मी चहाचं आधण ठेवायला उठले.
मोठी बॅग माळ्यावरून काढली. तळाशी तिची लुगडी घातली, डबी घातली. वर अर्ध्याहून जास्त जागा आहे. दुपार झाली. मी पलंगावर, बॅग समोर, उघडीच.