सोमवारपर्यंत एक चूक हवी

ती. ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त मनातल्या मनात). तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींनी मोतीबिंदूचं मनावर घेतलं, की अजून पेपर हातभर लांब धरूनच सरकारला शिव्या घालताहेत? घरातली सगळी मंडळी खुशाल असतील. यानंतर इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण मी ते लिहिणार नाही, कारण इकडे काही म्हणजे काही क्षेम नाही. डोक्याचा नुसता भडका उडालाय.

तुला ठाऊकच आहे, आमच्या कारखान्यात सुटी कपाटं बनतात. म्हणजे फळ्या, दारं, बिजागऱ्या सगळं एका खोक्यात भरून द्यायचं आणि गिऱ्हाइकाने ते घरी नेऊन जोडायचं (आणि जोडता जोडता नवरा-बायकोने एकमेकांशी बोलणं टाकायचं). त्या खोक्यात स्क्रूची एक पुडी असते. ती पुडी माझी. छत्तीस स्क्रू, आठ लाकडी खुंट्या आणि एक पाना. बावीस वर्षं मी ही पुडी भरतोय आणि चार माणसांकडून भरून घेतोय, पण पुडीबद्दल आजवर एक तक्रार कारखान्यात आलेली नाही. आता माणसाला याचा अभिमान वाटावा की नाही? वाटत होता गं. गेले दोन महिने मात्र मी कारखान्यात चोरासारखा वावरतोय.

झालं असं, की आमचे धाकटे मालक तीन दिवसांच्या एका शिबिराला जाऊन आले. विषय काय, तर धंद्याने आपल्या अपयशातून कसं शिकावं. (थोरल्या मालकांना यासाठी शिबिर लागत नसे. ते चुकलेल्या माणसाला खोलीत बोलवायचे, दार लावून घ्यायचे आणि असे ओरडायचे की दार लावल्याचा काही उपयोग नसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चूक दुरुस्त झालेली असायची.) धाकट्यांनी परत आल्या आल्या फर्मान काढलं. दर सोमवारी सगळ्या खात्यांच्या प्रमुखांनी कँटीनमध्ये गोल उभं राहायचं, आठवड्यातलं आपलं अपयश सांगायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. भिंतीवर एक फळा लावलाय. एका अपयशाला एक चांदणी.

पहिल्याच सोमवारी रंगखात्याच्या प्रमुखाने सांगितलं, की रंग वाळायच्या आतच त्याने साठ दारं खोक्यांत भरून पाठवली आणि गिऱ्हाइकांकडे ती एकमेकांना चिकटून निघाली. अगं, मालकांचे डोळे भरून आले! त्यांनी त्याला मिठी मारली. तेव्हापासून तो रंगवाला कारखान्यात धाडसी म्हणून ओळखला जातो. आमच्या वेळी याला धांदरटपणा म्हणायचे. मग बिजागरीवाला पुढे आला. त्याची भोकं बोटभर खाली पडतात, त्यामुळे दारं जमिनीला घासतात. टाळ्या, चांदणी. पुढच्या सोमवारी त्याने तेच सांगितलं. टाळ्या, चांदणी. तिसऱ्या सोमवारीही तेच. तेव्हा मला राहवलं नाही. मी विचारलं, सांगून झालं ते ठीक, पण ते भोक पाडायचं यंत्र कोणी बोटभर वर सरकवलं का? ताई, सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी मयताच्या घरी शीळ घातली. मालक मला बाजूला घेऊन अगदी मायेने म्हणाले, की काका, आपण इथे कोणाच्या चुका काढायला जमत नाही. चुकांच्या बैठकीत चूक काढायची नाही! आता बोल.

त्या फळ्यावर माझ्या खात्यापुढची जागा पांढरीफटक आहे. मालकांना वाटतं मी लपवतोय. एकदा मी सांगून पाहिलं, की अकरा मिनिटं उशिरा आलो. ते म्हणाले, हे वरवरचं झालं, आतून आलेलं अपयश हवं. आता आतून कुठून आणू? शेवटी जिवावर उदार होऊन मी एका पुडीत मुद्दाम पस्तीस स्क्रू टाकले. बसथांब्यापर्यंत गेलो आणि माझा पायच उचलेना. कोणीतरी बापडा ते कपाट उभं करणार, त्यात काचेची भांडी ठेवणार! परत फिरलो, चाळीस खोकी उघडली आणि तो छत्तिसावा स्क्रू जागेवर घातला, तेव्हा कुठे घशाखाली पाणी उतरलं (कंबर धरली ती याच पराक्रमात). सोमवारी हे सगळं इमानदारीत सांगितलं. मालक म्हणाले, काका, हे तर यश झालं. चांदणी नाही.

आणि आता निर्वाणीचा इशारा आलाय. येत्या सोमवारपर्यंत पुडीखात्याने एक अपयश दाखवलं नाही, तर मला रिकामी खोकी लावायला गोदामात धाडणार आणि पुडी कोणाला देणार? रंगवाल्याला! माकडाच्या हाती कोलीत. ज्याला ओला रंग कळत नाही तो छत्तीसपर्यंत मोजणार! रागाने जेवण जात नाहीये. तुझ्या भावजयीला सांगितलं, तर तिने पोळी लाटता लाटता मान वर न करता सल्ला दिला, की घरी एवढ्या चुका करता, त्यातलीच एक न्या डब्यात घालून.

तूच मोठी. तुला नाही सांगणार तर कोणाला?

तुझा निष्कलंक (म्हणून छळला गेलेला) धाकटा

ता. क. – एक काम होतं. आमच्याकडून तू पुस्तकांचं कपाट घेतलं होतंस, त्याबद्दल कारखान्याच्या नावे एक तक्रारीचं पत्र पाठव. एखादी खुंटी जाड निघाली वगैरे काहीतरी किरकोळ लिही. आडनाव सासरचंच घाल, म्हणजे नातं कळायचं नाही. शनिवारी पोचायला हवं.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवायला घेतलं आणि हात थांबला. ते कपाट आलं तेव्हा चार स्क्रू कमी होते. तू फोन केलास, तेव्हा मी साहेबी थाटात म्हणालो, की आमच्या पुडीत स्क्रू कमी जाणं शक्यच नाही, घरात नवीन माणूस आहे, केरात गेले असतील. सूनबाईला तुमच्याकडे येऊन दोन महिने झाले होते. तिने केराची टोपली अंगणात ओतून दोन तास बोटांनी चाळली, हे तूच मला हसत हसत सांगितलंस. ते चार स्क्रू दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलाच्या फटीत सापडले. मी गुपचूप स्क्रूच्या डब्यात टाकले. तेव्हापासून प्रत्येक पुडी काट्यावर वजन करूनच खोक्यात जाते, पण काटा का आणला ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. सहा वर्षं झाली. तू अजून पाहुण्यांसमोर म्हणतेस, की हिच्या हाती बारीक वस्तू टिकत नाही, आणि ती खाली मान घालते. मीही तिथेच बसलेला असतो, चहा पीत.

तक्रारीचं पत्र राहू दे. सोमवारी काय सांगायचं ते ठरलं. पण कारखान्याला कळायच्या आधी ते तिला कळायला हवं, म्हणून रविवारी येतोय. भाऊजींना तेवढा वेळ कुठेतरी बाहेर पाठव, पुडी हलकी लागतेय असं ते तेव्हाच म्हणाले होते आणि त्यांचं तोंड मला बघवायचं नाही. मी येतोय हे सूनबाईला सांगू नकोस. उगाच मामा येणार म्हणून ती सकाळपासून माझ्या आवडीचं काही करत बसेल, आणि ते पुढ्यात आल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही.