नळी गळ्यातच राहिली

मंगळवार, सांजच्याला

सांगलीला जाऊन आलो. सुमनला, माझ्या सुनेला, दम लागतोय, पाय सुजत्यात, म्हणून मोठ्या डॉक्टरला दावलं. त्यानं तिला काट्यावर उभी केली, आकडा बघितला आन् म्हणाला, "ताई, वजन लय झालंय. खाणं कमी करा, रोज चाला." नळी त्याच्या गळ्यातच. एकदा तरी छातीला लावायची का न्हाई?

मी म्हणलं, "आवं डॉक्टर, ही लग्नात बी अशीच गुबगुबीत हुती. दम आत्ता लागाय लागलाय. पायातली जोडवी तेल लावून काढाय लागली." तो हसला. "आजी, जाड माणसाचे पाय जडच असणार." झालं. नळी गळ्यातच राहिली आन् पुढच्याला हाक गेली.

एस्टीत पोरगा म्हणतो, "आये, डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतंय व्हय?" न्हाई कळत, बाबा. पर डोळं हायत मला. आडवी झाली की गुदमरती, म्हणून रातभर उशीला टेकून बसती. जाडपणानं असं हुतंय? मग शेजारची वाणीण हिच्याहून जाड, ती कशी घोरत पडती?

जेवताना तिनं अर्धीच भाकरी घेतली. म्हणलं, "खा गं." तर म्हणती, "नगं आत्याबाई, माझंच चुकतंय." मग सकाळी चालाय जायचं म्हणून चपला दारात काढून ठेवल्या. मी त्या उचलून आत ठेवल्या. ती परत भायेर घेऊन गेली आन् तेवढ्यानंच धापा टाकत उंबऱ्यावर बसली.